इंदूरचे खतखड्डे : एका विद्यासंस्थेच्या जबाबदारीचा इतिहास

विद्यापीठे व महाविद्यालये ह्यांनी आपल्या आवारातील पाणी, वीज, झाडे आणि केरकचरा ह्यांचा हिशेब द्यावा, अशी अपेक्षा आता सर्वत्र रूढ झाली आहे. महाविद्यालयांचे मूल्यमापन करणारी नॅक ही संस्थाही तसे प्रश्न विचारते, आणि मग आवारात गांडूळखताचे हौद बांधले जातात, फलक लागतात, छायाचित्रे अहवालास जोडली जातात. ह्या सर्व खटाटोपामागची कल्पना अलीकडची आहे व ती परदेशातून आली आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. तो समज तपासून पाहावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. सुमारे शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदूर संस्थानात एका विद्यासंस्थेने आपला स्वतःचा कचरा हाच अभ्यासाचा विषय केला, त्याचा काटेकोर हिशेब ठेवला, आणि त्या अभ्यासातून निघालेली पद्धत इंदूरच्या नावाने जगभर गेली. आमच्या वाचकांपैकी अनेक जण शाळा, वसतिगृहे, दवाखाने व त्यांच्या भोवतीच्या जमिनी ह्यांची व्यवस्था पाहतात. त्यांना ह्या इतिहासात केवळ कुतूहलापेक्षा अधिक काही सापडेल, असे आम्हांस वाटते.

प्रारंभ मात्र खतखड्ड्यांपासून न करता एका मिरवणुकीपासून केला पाहिजे. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हे पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आले व इंदूर दरबाराने त्यांस शहराचा अभ्यास करण्यास बोलाविले. प्लेगने शहर गांजलेले होते. गेडिस ह्यांनी १९१७ च्या दिवाळीत एक वेगळीच मिरवणूक काढली. ज्या भागांतील लोकांनी आपली घरे व गल्ल्या उत्तम स्वच्छ केल्या असतील, त्या भागांतून मिरवणूक नेण्याचे त्यांनी ठरविले. घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर ह्यांच्या मोठ्या प्रतिमा करून शेवटी त्या जाळण्यात आल्या. पण त्या मिरवणुकीत आम्हांस महत्त्वाचे वाटते ते असे की, शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, गळ्यात हार घालून, आपल्या सजविलेल्या गाड्या व बैलांसह तिच्यात मानाने चालले. जे लोक एरवी पहाटेच्या अंधारात येऊन अंधारातच निघून जावेत अशी शहराची इच्छा असे, ते त्या दिवशी भर रस्त्याने गेले. पुढे १९१८ मध्ये गेडिस ह्यांचा दोन खंडांतील अहवाल दरबारास सादर झाला. त्यात शहराचा केर बागांना खत म्हणून उपयोगी आणण्याचा विचार आहे, आणि इंदुरात एक विद्यापीठ असावे अशी सविस्तर योजनाही आहे. ते विद्यापीठ तेव्हा झाले नाही. इंदुरास विद्यापीठ मिळण्यास १९६४ साल उजाडावे लागले, आणि आज ते देवी अहिल्या विश्वविद्यालय ह्या नावाने ओळखले जाते. गेडिस स्वतः १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक झाले. मात्र विद्या आणि केर ह्या दोन गोष्टी एकाच अहवालात मांडण्याची त्यांची दृष्टी इंदुरात सहा वर्षांनी दुसऱ्याच वाटेने अवतरली.

ती वाट समजण्यासाठी त्या काळच्या शेतीची अडचण ध्यानी घेतली पाहिजे. हिंदुस्थानातील शेतकरी शेणाच्या गोवऱ्या थापून जाळतो व जमिनीला उपाशी ठेवतो, अशी टीका साहेबलोक नेहमी करीत. १८८९ मध्ये इंग्लंडहून आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर ह्यांनी देशभर फिरून १८९३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ह्या टीकेचा न्याय्य निवाडा आहे. शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानाने नव्हे, तर सरपण मिळत नाही म्हणून, हे त्यांनी स्पष्ट मांडले व गावोगाव सरपण आणि चाऱ्यासाठी राखीव झाडी लावण्याची सूचना केली. व्होल्कर येण्यापूर्वीच, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले ह्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात जंगल खात्याने कुरणे व डोंगर बंद केल्यामुळे शेतकऱ्याचे गुराढोरांचे बळ कसे खचले आणि पालापाचोळ्याचे खत जमिनीस कसे मिळेनासे झाले, ह्याचे वर्णन केले होते. तेव्हा रोगाचे निदान झालेले होते. उणीव होती ती सामान्य शेतकऱ्यास परवडेल अशा उपायाची.

कापसाच्या व्यापारातून तो उपाय निघाला, हा इतिहासातील एक विचित्र योगायोग म्हणावा लागेल. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीला मध्य हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीत कापसाच्या संशोधनाचे एक केंद्र हवे होते. होळकर दरबाराने इंदुरास तीनशे एकर जमीन दिली, कमिटीने व मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी पैसा दिला, आणि १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. तिचे संचालक म्हणून अल्बर्ट हॉवर्ड आले.

हॉवर्ड हे इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील शेतकऱ्याचे पुत्र. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिसंशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी मुंबईस त्यांचा विवाह गॅब्रिएल मथाई ह्यांच्याशी झाला. गॅब्रिएल ह्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात शिकलेल्या व वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर मान्यताप्राप्त संशोधन केलेल्या विदुषी होत्या. पुसा येथे दोघांनी मिळून गव्हाच्या ज्या सुधारित जाती निर्माण केल्या, त्या उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरल्या. तरीही हॉवर्ड असमाधानी होते. एकाच पिकाचा अभ्यास करणारे विद्वान वेगवेगळ्या विभागांत बसतात, कवकतज्ज्ञ पानावरचा डाग पाहतो, कीटकतज्ज्ञ अळी पाहतो, आणि झाड ज्या मातीत उभे आहे ती कोणीच पाहत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आपले खरे गुरू म्हणून ते पुसाभोवतीच्या शेतकऱ्यांचा व पिकांवरील किडींचा उल्लेख करीत. पुसा येथे त्यांनी आपल्या बैलांची निगा स्वतःच्या देखरेखीखाली ठेवली होती. शेजारच्या आजारी गुरांच्या तोंडाला तोंड लावूनही त्या बैलांना लाळखुरकूत झाली नाही, हा अनुभव ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष, की सकस जमिनीतला चारा खाणारे जनावर रोगास बळी पडत नाही, आजचा पशुवैद्य जसाच्या तसा स्वीकारणार नाही. पण ह्याच अनुभवाने त्यांना गोठ्याकडे वळविले, हे विसरता येत नाही.

इंदूरच्या संस्थेची आखणी हॉवर्ड दांपत्याने पहिल्यापासून एका संपूर्ण शेतवाडीप्रमाणे केली. तीनशे एकरांत पावसाचे पाणी कोठून वाहते, ते कोठे साचते, काळी माती कोठे धुपते, हे पाहून बांध व चर काढले गेले. मग प्रश्न आला तो शेतात व गोठ्यात रोज निघणाऱ्या टाकाऊ मालाचा. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचे पाचट, ज्वारीची धसकटे, तण, पाला, गुरांनी टाकलेला कडबा, राख, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती, असा तो माल होता. ह्यांतील एकही वस्तू नवी नव्हती. नवे होते ते हे, की संशोधनसंस्थेने त्याला संशोधनाचा विषय मानले व शेतापासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून परत शेतापर्यंत त्याचा माग ठेवला. अमेरिकी कृषितज्ज्ञ एफ. एच. किंग ह्यांनी १९११ मध्ये चीन, कोरिया व जपान येथील शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्याचा हॉवर्ड ह्यांच्यावर मोठा प्रभाव होता. चिनी शेतकरी शतकानुशतके जे हाताने व अनुभवाने करीत आला, ते रसायनशाळेत मोजून पाहावे, असा हा उद्योग होता.

पद्धत कशी होती ती आम्ही थोडी विस्ताराने सांगतो, कारण आमच्या खेड्यांतील वाचकांस ती अजूनही उपयोगी पडण्याजोगी आहे. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवली जाई. शेतातून आलेला निरनिराळा टाकाऊ पाला एकत्र मिसळून साठवीत व रोज बैलांच्या पायांखाली अंथरीत. तो रात्रभर तुडवला जाई, मूत्राने भिजे, आणि सकाळी शेणासकट उचलून खड्ड्यांकडे नेला जाई. काही महिन्यांनी गोठ्यातील वरची माती खणून काढीत व तिच्या जागी नवी भरीत. ती मूत्रमातीही खड्ड्यातच जाई. पऱ्हाट्या व तुराट्या ह्यांसारखी कठीण लाकडी धाटे लवकर कुजत नाहीत. त्यांच्यासाठी संस्थेने यंत्र आणले नाही. ती शेतवाडीच्या रस्त्यावर पसरून ठेवीत. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली ती आपोआप चिरडली जात, व मग अंथरुणात मिसळली जात. ह्या एका युक्तीत आम्हांस त्या संस्थेचा सारा स्वभाव दिसतो.

खड्डे गोठ्याजवळच होते. एकूण तेहतीस खड्डे. प्रत्येक तीस फूट लांब, चौदा फूट रुंद व अवघा दोन फूट खोल, कडा उतरत्या. दोन दोन खड्ड्यांच्या जोड्या करून मध्ये गाडी जाण्यापुरती वाट ठेवलेली असे. खोली इतकी कमी का, असा प्रश्न पडेल. कारण कुजविणाऱ्या बुरशीला व जिवाणूंना हवा लागते. खोल खड्ड्यात हवा पोहोचत नाही, माल सडतो, दुर्गंधी सुटते आणि नत्र उडून जाते. आपल्या गावच्या उकिरड्याचे नेमके हेच होते. खड्ड्यात पाल्याचा थर, त्यावर मूत्रमाती व राख ह्यांचा शिडकावा, त्यावर शेणकाला, आणि शेवटी दहापंधरा दिवसांपूर्वी लावलेल्या जुन्या खड्ड्यातील बुरशी धरलेला थोडा माल विरजणासारखा घालीत. विरजण हा शब्द आमचा आहे, पण घरातील स्त्रियांस ह्या क्रियेचे मर्म ह्याच शब्दाने चटकन कळेल. पाणी बेताचे घालावयाचे. पिळून काढलेल्या स्पंजात जेवढा ओलावा राहतो तेवढाच मालात असावा. खड्डा भरल्यावर आतील उष्णता सुमारे पासष्ट अंश सेल्सिअसपर्यंत चढे व नव्वद दिवसांत हळूहळू तेहतीस अंशांपर्यंत उतरे. ह्या काळात माल तीन वेळा पालटावा लागे : पहिल्यांदा सुमारे पंधरवड्याने, मग महिन्याने आणि शेवटी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचीत.

रसायनशाळेचा हिशेब असा होता : आरंभी कर्ब व नत्र ह्यांचे प्रमाण तेहतीसास एक असे असावे, आणि खत तयार होईपर्यंत ते दहास एक ह्याच्या आसपास यावे. पाला अधिक झाला तर कुजणे रखडते, शेण व मूत्र अधिक झाले तर नत्र वाया जाते. एका बैलजोडीमागे वर्षाला सुमारे पन्नास गाड्या खत निघते, असा संस्थेचा अनुभव होता. पण सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच होता. ह्या पद्धतीस सगळे शेण लागत नाही. पाला, माती व मूत्र ह्यांच्या जोडीला थोडे शेण पुरते. म्हणजे चुलीसाठी गोवऱ्या थापणाऱ्या बाईला दोष न देता जमिनीलाही तिचा वाटा देता येतो. व्होल्कर ह्यांनी चाळीस वर्षांपूर्वी मांडलेल्या अडचणीचे उत्तर इंदूरच्या ह्या दोन फुटी खड्ड्यांत मिळाले.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील माळी न फळणाऱ्या अंजिराभोवती खणून खत घालण्यासाठी एका वर्षाची मुदत मागतो. त्या वर्षावर आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. त्या खताविषयी मात्र क्वचितच काही ऐकले आहे.

संस्थेच्या कारभाराची आणखी एक बाजू कृषिशास्त्राच्या पुस्तकांत सहसा येत नाही. खड्डे भरणे व पालटणे हे मजुरांचे काम, आणि मजूर कापसाच्या गिरण्यांकडे ओढले जात होते. हॉवर्ड ह्यांनी कामाचे तास सहांवर आणले, वेतन ठरल्या दिवशी हाती पडेल अशी व्यवस्था केली, राहण्याची व औषधोपचाराची सोय केली, आणि ह्या अनुभवावर १९३१ मध्ये जिनीव्हाच्या ‘इंटरनॅशनल लेबर रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकात लेख लिहिला. दानधर्माच्या भावनेने त्यांनी हे केले असा आमचा दावा नाही. थकलेला माणूस खड्डा नीट पालटत नाही, हे त्यांना दिसत होते. पण हेतू काहीही असो, जमिनीचा कस राखणे आणि माणसाचा कस राखणे ही एकाच जमाखर्चाची दोन पाने आहेत, हे त्या संस्थेने कागदावर मांडले. आजच्या आवारांच्या पर्यावरणविषयक अहवालांत झाडांची संख्या असते. केर उचलणाऱ्यांच्या वेतनाचा तक्ता आम्ही त्यांत अद्याप पाहिलेला नाही.

१९३० च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएल हॉवर्ड जिनीव्हा येथे मरण पावल्या. पुढच्या वर्षी अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी हिंदुस्थान सोडला व त्याच वर्षी इंदूरच्या प्रयोगांचा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. शेतीतील टाकाऊ पदार्थांचे ह्युमसमध्ये रूपांतर करण्याविषयीच्या ह्या ग्रंथावर दोन लेखकांची नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेच्या रसायनशाखेतील प्रमुख साहाय्यक होते. कर्ब-नत्राचे प्रमाण, उष्णतेची रोजची नोंद, आम्लता, ओलावा, ही सारी मोजणी ज्या रसायनशाखेची, तिचे प्रतिनिधी म्हणून त्यांचे नाव तेथे आहे. पुढे जगभर जी कीर्ती पसरली ती मात्र एकट्या हॉवर्ड ह्यांच्या नावाने. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९४० मध्ये त्यांचा ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा प्रसिद्ध ग्रंथ निघाला, तो त्यांनी गॅब्रिएल ह्यांच्या स्मृतीस अर्पण केला. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बॅल्फोर व १९४६ मध्ये स्थापन झालेली सॉइल असोसिएशन, अमेरिकेत जे. आय. रोडेल व त्यांचे १९४२ पासूनचे मासिक, ह्या सर्वांनी हॉवर्ड ह्यांस गुरुस्थानी मानले. आज ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात तिचा वंशवृक्ष इंदूरपर्यंत येऊन पोहोचतो. त्या वृक्षावर वाड ह्यांची फांदी फारच बारीक काढलेली असते, आणि मराठी वाचकाने तरी ती विसरू नये.

हॉवर्ड ह्यांच्या उत्तरकाळाविषयी आमचे मत सांगितले पाहिजे. इंग्लंडला परतल्यावर ते रासायनिक खतांचे कडवे विरोधक झाले आणि माणसाच्या, जनावराच्या व पिकाच्या बहुतेक सर्व रोगांचे मूळ जमिनीच्या उपासमारीत आहे, असे ठासून सांगू लागले. त्यातील बराचसा भाग सिद्ध झालेला नाही. १९३१ चा इंदुरी ग्रंथ मात्र ह्या आवेशापासून मुक्त आहे. त्यात मोजमाप आहे, खड्ड्यांचे आराखडे आहेत. संस्थेत राहून लिहिलेले पुस्तक आणि संस्था सुटल्यावर लिहिलेले पुस्तक ह्यांतील हा भेद आम्हांस बोलका वाटतो.

आता ह्या इतिहासाच्या अवघड भागाकडे वळू. शेतातील पाला व गोठ्यातील शेण ह्यांस कोणी विटाळ मानत नाही. मानवी मैल्याची गोष्ट तशी नाही. हॉवर्ड ह्यांच्यानंतर संचालक झालेले एफ. के. जॅक्सन व वाड ह्यांनी १९३४ मध्ये वस्तीतील केर व मैला ह्यांचे इंदूर पद्धतीने खत कसे करावे, ह्यावर संस्थेची पुस्तिका प्रसिद्ध केली. केर व मैला ह्यांचे आलटून पालटून थर दिले, ते वेळेवर पालटले, तर आतील उष्णतेने रोगजंतू व माशांच्या अळ्या मरतात, दुर्गंधी राहत नाही आणि नगरपालिकेस खताचे उत्पन्न होते, असे हे शास्त्र. ते शास्त्र म्हणून योग्य होते. परंतु तो थर देणार कोण व पालटणार कोण? त्या काळच्या प्रत्येक नगरपालिकेत ह्याचे उत्तर जन्मानेच ठरलेले होते. गेडिस ह्यांनी ज्यांच्या गळ्यात एका दिवाळीस हार घातले, त्यांच्याच हातात उरलेले तीनशे चौसष्ट दिवस टोपली होती. ज्या समाजांतून आमच्या कितीतरी मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांनी हा इतिहास पुस्तकात वाचलेला नाही. तो त्यांच्या आजोबांच्या पाठीवर लिहिलेला आहे. इंदूरच्या पुस्तिकेने घाणीचा प्रश्न सोडविला, जातीच्या प्रश्नास हात लावला नाही. पुढे १९३९ च्या सुमारास बंगलोरला सी. एन. आचार्य ह्यांनी माल पालटण्याची गरज नसलेली पद्धत काढली आणि अनेक नगरपालिकांनी ती स्वीकारली. तिने हाताळणे थोडे कमी झाले, हात मात्र तेच राहिले.

हा राहिलेला प्रश्न विद्यासंस्थेबाहेरच्या माणसांनी हाती घेतला. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून गांधीजी इंदुरास आले, तेव्हा त्यांनी ह्या संस्थेस भेट देऊन खताची पद्धत पाहिली, आणि त्याच वर्षी ‘हरिजन’ पत्रातून संस्थेचे ह्या विषयावरील पत्रक वाचकांपुढे ठेवले. नुकताच, १९३४ च्या अखेरीस, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता व वर्ध्यास मगनवाडीत त्याचे काम चालू झाले होते. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे ख्रिस्ती गृहस्थ. लंडनमध्ये त्यांनी हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतले होते व न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले होते. निसर्गाकडून घेतलेले निसर्गास परत करणारी अर्थव्यवस्थाच टिकाऊ असते, हा विचार त्यांनी १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ ह्या ग्रंथात मांडला. हिशेबनीसाच्या हातून तो ग्रंथ उतरला, हे आम्हांस स्वाभाविक वाटते. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत कुमारप्पांचे नाव क्वचितच निघते, ही खेदाची गोष्ट होय.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी ह्याच प्रश्नाला थेट हात घातला. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, आपणांस भंगीकाम करू द्यावे, म्हणून त्यांनी सत्याग्रह केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यास उपोषण आरंभिले. सवर्ण माणसाने हे काम मागून घ्यावे आणि सरकारने ते नाकारावे, असा तो अजब प्रसंग होता. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे सोनखत करणारा संडास तयार केला. मैला वाहून नेण्याची गरजच राहू नये, ही त्यामागील दृष्टी. विनोबांनी १९४६ पासून पवनारजवळच्या सुरगाव ह्या खेड्यात रोज जाऊन सफाई केली. इंदूरने कचऱ्याचे खत केले. कणकवलीने आणि सुरगावने खत करणाऱ्याला माणूस केले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे, कारण डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेस बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये करावा लागला आणि २०१३ मध्ये पुन्हा अधिक कडक कायदा करावा लागला.

स्वातंत्र्यानंतर इंदूरच्या संस्थेचे रूप पालटले. तिच्या भूमीवर कृषी महाविद्यालय उभे राहिले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा व २००८ पासून ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाचा ते भाग झाले. माळव्यातील कापूस व ज्वारी मागे पडून सोयाबीन आले, आणि १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरासच स्थापन झाले. ट्रॅक्टर आले तसे बैल गेले, आणि ज्या अंथरुणावर सारी पद्धत उभी होती ते अंथरूणच उरले नाही. दुसरीकडे शहर पसरत गेले. २०१७ पासून सलग सात सर्वेक्षणांत इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत देवगुराडिया येथे रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून वायू व खत करणारा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी कृषी महाविद्यालयाची जमीन अन्य कामासाठी घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या, म्हणून तेथील विद्यार्थी व माजी विद्यार्थी दीर्घकाळ आंदोलनास बसले होते. ह्या जमिनीवर काय घडले होते, ह्याचा दाखला त्या निमित्ताने पुन्हा लोकांपुढे आला. शंभर वर्षांपूर्वी शहराबाहेर असलेले ते शेत आज शहराच्या पोटात आहे, आणि तेथील एकराचा भाव खताच्या गाड्यांत मोजता येत नाही.

आमच्या महाराष्ट्रातील व माळव्यातील जुन्या मिशन संस्थांपैकी काहींना वसतिगृहांच्या जोडीला शेतवाड्या होत्या, गोठे होते, आणि शेतकी शिकविणारे मास्तर होते. अलाहाबादजवळ नैनी येथे सॅम हिगिनबॉटम ह्यांनी हॉवर्ड ह्यांच्याही आधी चालविलेल्या ख्रिस्ती शेतकी विद्यालयाचा इतिहास लिहिला गेला आहे. आपल्याकडील लहान संस्थांचा नाही. त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, गोठ्याच्या नोंदी, मजुरांचे हजेरीपट अथवा शेतकीच्या वर्गाच्या टिपणवह्या कोणा पाळकांच्या किंवा प्रचारकांच्या संग्रही, अथवा मंडळीच्या जुन्या पेटीत असतील, तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी आम्हांस कळवावे. वाळवी लागलेल्या वह्याही चालतील.